विश्लेषण : पन्नाशीनंतर विंडसर्फिंग शिकायचे आहे? पहिला सेकंडहँड बोर्ड घेताना काय तपासावे?

फळीवर उभे राहायचे, हातात शीड धरायचे आणि वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचे, एवढाच विंडसर्फिंगचा खेळ. इंजिन नाही, इंधन नाही. गोव्यात सहलीला गेलेल्या पन्नाशी-साठीच्या अनेकांना किनाऱ्यावरून तो सोपा वाटतो. एक-दोन धडे झाले की स्वतःचा बोर्ड घ्यावासा वाटू लागतो. नवे साहित्य बहुतेक आयात केलेले आणि महाग, म्हणून शोध सेकंडहँडचा सुरू होतो. चूक होते ती इथे. हलका, निमुळता, देखणा बोर्ड स्वस्तात मिळतो आणि नेमका तोच नवशिक्याला दर मिनिटाला पाण्यात फेकतो. विशीतला मुलगा पन्नास वेळा पडून पुन्हा चढतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे आणि कंबर ती संधी देत नाहीत. पहिला बोर्ड चुकला, तर दोन-चार दिवसांत खेळ सुटतो आणि बोर्ड माळ्यावर जातो.

समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी हा विचार करावा का?

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी केदारेश्वर मंदिर आणि किल्ल्यासाठी ओळखली जाते, लाटांसाठी नाही. पण विंडसर्फिंगला समुद्रच लागतो असे नाही. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आरएसएक्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारा एबाद अली हा भोपाळमध्ये, म्हणजे तलावावर घडलेला खेळाडू. गोव्यात कात्या आणि डेन कुएल्हो या भावंडांनी राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले ते अर्थातच समुद्रावर.

बीड जिल्ह्यात माजलगाव, मांजरा, नागापूरचा वाण असे मोठे जलसाठे आहेत. मात्र ते सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, जलसंपदा विभागाच्या परवानगीशिवाय तिथे बोर्ड टाकू नये. पैठणचा नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे. शिवाय मराठवाड्यातल्या धरणाचा भरवसा किती धरायचा? २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यामुळे इथल्या हौशी माणसाने सध्या तरी गोवा किंवा कोकणच गृहीत धरावे. तिथे सुटीचे आठ दिवसच मिळणार असतील, तर पहिल्या वर्षी बोर्ड भाड्याने घेणे शहाणपणाचे. त्याचा दुसरा फायदा असा, की प्रशिक्षण केंद्रातला कोणता बोर्ड आपल्याला पेलतो, हे पायांना कळलेले असते.

किती लिटरचा बोर्ड हवा?

बोर्डावर छापलेला लिटरचा आकडा म्हणजे त्याचे आकारमान. मराठवाड्यात विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा, वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधतात, तेच तत्त्व इथे आहे. एक लिटर आकारमान पूर्ण बुडाले, की गोड्या पाण्यात साधारण एक किलो वजन तोलले जाते.

समजा, धर्मापुरीतील एका निवृत्त शिक्षकाचे वजन ७८ किलो आहे. बोर्ड १५ किलो, शीड-डोलकाठीचा संच १० किलो, ओले कपडे आणि लाइफ जॅकेट २ किलो. बेरीज झाली १०५. म्हणजे १०५ लिटरचा बोर्ड त्यांना जेमतेम पाण्याच्या पातळीवर धरेल, उभे राहणे दूरच. शिकणाऱ्यासाठी ढोबळ नियम सांगितला जातो तो शरीराचे वजन अधिक किमान १०० लिटर. पन्नाशीपुढच्या माणसाने त्यातही वरच्या बाजूला जावे. या उदाहरणात १८० ते २२० लिटर योग्य. ‘थोडे शिकलात की मोठा बोर्ड कंटाळवाणा होईल’ असे विकणारा म्हणेल. हलक्या वाऱ्यात फिरायला मोठा बोर्ड पुढेही उपयोगी पडतो, त्यामुळे त्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलेले बरे.

पण लिटर पुरेसे असले, म्हणजे झाले का?

नाही, आणि जुन्या बोर्डांच्या बाबतीत सर्वाधिक फसगत इथेच होते. १९८०च्या दशकातले बोर्ड पावणेचार मीटरपर्यंत लांब, पण रुंदीला जेमतेम ६५ सेंटिमीटर असत. आकारमान २०० लिटरच्या पुढे, तरी उभे राहिले की डावी-उजवीकडे डुगडुगतात. कारण साधे आहे. पाय मधल्या रेषेपासून थोडा जरी सरकला, तरी बोर्ड त्या बाजूला कलतो आणि त्याला सावरणारा आधार रुंदीतून मिळतो, लांबीतून नाही. होडीपेक्षा तराफा का उलटत नाही, याचे उत्तरही हेच. नवशिक्याने ८० सेंटिमीटरपेक्षा कमी रुंदीचा बोर्ड शक्यतो घेऊ नये, ८५ ते १०० असेल तर उत्तम. वर रबरासारखा मऊ पृष्ठभाग असेल तर गुडघे सोलवटत नाहीत.

तिसरी गोष्ट डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डाच्या मधोमध पाण्यात उतरणारी फळी. ती नसली तर वारा बोर्डाला आडवा ढकलत नेतो आणि निघालेल्या जागी परत येणे कठीण होते. पहिल्या बोर्डाला ती हवीच.

भारतात शर्यतीतून निवृत्त झालेले बोर्डही विक्रीला येऊ शकतात. टेक्नो २९३ हा कुमार गटाचा बोर्ड २०५ लिटरचा, ७९ सेंटिमीटर रुंद आणि डॅगरबोर्ड असलेला आहे. रुंदी काठावरची, तरी मध्यम वजनाच्या माणसाला तो चालून जातो. आरएसएक्स २००८ ते टोकियोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये होता. पॅरिसला त्याची जागा पाण्यावर उचलून धावणाऱ्या आयक्यूफॉइलने घेतली. आरएसएक्सचा बोर्ड २२० लिटरचा आणि ९३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे स्थिर. पण त्याच्यासोबतचे पुरुषांचे साडेनऊ चौरस मीटरचे शीड नवशिक्याने हातात धरू नये. बोर्ड चांगल्या स्थितीत असेल तर घ्यावा, शीड त्याच्याकडेच राहू द्यावे. आयक्यूफॉइलच्या वाटेला तर पहिल्या वर्षी जाऊच नये.

कंबर वाचवायची तर शीड कसे निवडावे?

दरवेळी तोल गेला की शीड पाण्यात आडवे पडते. बोर्डावर उभे राहून दोरीने ते पुन्हा ओढून काढावे लागते. त्यावर पाणी साचलेले असल्याने पहिला हिसका सर्वात जड. कंबर दुखावते ती इथे. पाठ सरळ, गुडघे वाकवलेले आणि ओढणे हातांनी नाही तर शरीराचे वजन मागे टाकून, ही पद्धत प्रशिक्षकाकडूनच शिकावी. त्याहून मोठा फरक शिडाच्या आकाराने पडतो. साडेतीन ते पाच चौरस मीटरचे शीड पुरे. डोलकाठीवर कार्बनचे प्रमाण टक्क्यांत छापलेले असते. ते जितके जास्त, तितकी काठी साधारणपणे हलकी, म्हणून फक्त काचतंतूची जड काठी टाळावी. पाठीचे, खांद्याचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असेल तर बोर्ड बघण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

शिडावरच कोणत्या लांबीची डोलकाठी आणि बूम लागेल ते लिहिलेले असते. विक्रेत्याकडचा संच त्याच्याशी जुळतो का, हे त्याला समोर पूर्ण जोडायला लावून पाहावे. ‘सगळे आहे, घरी जाऊन जोडा’ हे ऐकून पैसे देऊ नयेत. फिन आणि काठीच्या पायाचे जोड वेगवेगळ्या पद्धतींचे असतात. एक तुकडा कमी निघाला, तर धर्मापुरीत काय, पुण्यातही तो सहज मिळणार नाही.

खराब बोर्ड कसा ओळखायचा?

बहुतेक बोर्डांच्या पोटात थर्माकोलच असतो, वर काचतंतू आणि रेझिनचे कवच. कवचाला तडा गेला की पाणी आत शिरते आणि सहजी बाहेर येत नाही. म्हणून सोबत सामान तोलण्याचा ताणकाटा न्यावा. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा बोर्ड दोन-तीन किलोंनी जड भरला, तर आत पाणी आहे असे समजावे. मग अंगठ्याने संपूर्ण पृष्ठभाग दाबत जावा, विशेषतः उभे राहण्याची जागा. कुठे दबले किंवा बोटाने ठोकल्यावर आवाज बदलला, तर कवच सुटलेले आहे. ही दुरुस्ती खर्चिक असते. टोकावरचा नीट भरलेला जुना घाव मात्र फार मनावर घेऊ नये, डोलकाठी आपटून तो जवळपास प्रत्येक बोर्डाला पडतो. फिनच्या खाचेभोवती आणि काठी बसवण्याच्या पट्टीभोवती केसाएवढी चीर असेल, तर व्यवहार सोडावा.

शिडाचा पारदर्शक भाग उन्हाने कडक, पिवळट झाला असेल तर ते पहिल्याच पडण्यात फाटते. आणि सर्वात स्वस्त पण सर्वात महत्त्वाचा भाग म्हणजे काठी व बोर्ड जोडणारा रबरी सांधा. तो हाताने वाकवून चिरा पाहाव्यात. खोल पाण्यात तो तुटला तर शीड वेगळे होते आणि वाऱ्यावर परत येण्याचा मार्गच संपतो. सेकंडहँड घेताना हा एक भाग नवाच टाकावा. तसा प्रसंग आलाच तर बोर्ड सोडून पोहत निघू नये. बोर्ड तरंगतो, माणूस दमतो.

पाण्यात कधी उतरावे?

ताशी ११ ते १८ किलोमीटर वारा शिकायला पुरेसा. भूगोलाच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. पाणी शांत दिसते, पण तोच वारा नवशिक्याला आत खोल घेऊन जातो. दुपारी समुद्राकडून येणारा वारा पडलेल्याला किनाऱ्याकडे आणतो. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरूच नये. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट अंगावर हवेच.

बोर्ड घरी आणल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर ठेवू नये. आत कोंडलेली हवा २० वरून ६० अंशांपर्यंत तापली, तर तिचा दाब सुमारे १४ टक्के वाढतो आणि कवच आतून सुटू लागते. बोर्डावर हवा सोडणारा एक छोटा स्क्रू असतो. तो स्वयंचलित नसेल, तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सैल करून ठेवावा आणि पाण्यात उतरण्याआधी न विसरता घट्ट करावा.