उन्हाच्या आत

पहाटे ३.४०
दिंडोरी तालुका, जानेवारीचा शेवटचा आठवडा. पिकअप बांधाला लागते. मागून अठरा बाया आणि चार पोरं उतरतात. पेठ-सुरगाण्याकडून हंगामापुरती आलेली टोळी. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, कानाला रुमाल, रुमालावर बॅटरीचा पट्टा. पारा ९ अंशांवर. हजेरी चारशे रुपये. गाडीभाडं बागायतदाराचं, कात्री ज्याची त्याची. नवी घ्यायची तर दीडशे जातात. एकीने जुनीच्याच मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे.

४.०५
ओळी वाटून होतात. एका ओळीला दोघी, एक अल्याड, एक पल्याड. खायच्या द्राक्षाला मांडव असतो, उभ्याने काढता येतं. ही वाइनची बाग, सोव्हिन्यो ब्लाँ. वेली तारांवर उभ्या बांधलेल्या. घड गुडघ्याच्या वर आणि कमरेच्या खाली. म्हणजे सगळी तोडणी वाकून.

घड मुठीएवढा, मणी गच्च. खायच्या थॉमसन द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून घड संजीवकात बुडवतात, विरळणी करतात. इथे मणी लहानच हवा. वास बराचसा सालीत असतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. डाव्या तळहातावर घड घ्यायचा, उजव्या हाताने देठ कापायचा. भुरी लागलेला घड खाली टाकायचा.

“देठ धरा गं, घड दाबू नका,” मुकादमीण मावशी पुढच्या ओळीतून ओरडतात. दाबलेल्या मण्यातून रस सुटतो आणि हवा लागून तांबूस पडतो. त्या रसाच्या वाइनचा वास फिका पडतो.

४.५०
बॅटरी खाली केली की जमीन दिसते. लालसर मुरूम, खडे पायाला टोचतात. बागायतदार आबांचे दोन तुकडे आहेत, वरचा मुरमाड आणि खालचा काळा. आज वरचा.

“काळीत वेल माजते,” आबा सांगतात. “पानंच पानं. घड सावलीत राहतो.” मुरमात पाणी थांबत नाही. ठिबक जेवढं देईल तेवढंच वेलीला मिळतं. ती बेताची वाढते, घडाला वारा आणि सकाळचं ऊन लागतं. सावलीतल्या घडाला ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो. थोडा असला तर या जातीला तो शोभतो, जास्त झाला की दुसरं काहीच लागत नाही. वर एकरी चार टन निघतात, खाली सहा. भाव दोन्हीला एकच, कराराची साखर बसली की झालं. तरी आबांनी वरचा तुकडा मोडला नाही. मला ते फार मोठं वाटतं.

६.५०
फटफटतं. वाइनरीचा पोरगा वेगवेगळ्या वेलींचे मणी पिशवीत चुरतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडतो आणि उजेडाकडे धरून बघतो. साखर साडेएकवीस ब्रिक्स. मी एक मणी चावतो. आधी गोड, मग जिभेच्या कडांना झोंबणारं आंबट.

ही आंबटाई रात्रीच्या थंडीने राखलेली. दिवसा ऊन साखर चढवतं, पण त्याच उन्हात आम्ल जळतं. गार रात्र ते जळणं धीमं करते. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी, म्हणून माल थंडीच्या शेपटाला पिकतो. फ्रान्समध्ये पिकताना दिवस गार होत जातात, इथे तापत जातात. आठवडाभर उशीर झाला तर साखर वाढलेली आणि आम्ल गेलेलं. नाशिकला ही जात १९९७ साली लागली. तेव्हापासून दर हंगामात हीच घाई.

८.१५
पोरं कॅरेटं उचलतात. एकात अठरा किलो, वर चार बोटं मोकळी. ठासून भरलं तर तळाचे घड पिचतात. खांद्यावर एक, कधी दोन. ओळीच्या टोकापर्यंत साठ पावलं, तीही चढाची.

९.३०
ऊन लागायला लागतं. मावशी हात वर करतात. दोन ओळी उरल्या आहेत, त्या उद्या. बाया कंबर धरून उभ्या राहतात. भाकरी, ठेचा, स्टीलच्या किटलीतला चहा. एकीच्या अंगठ्याला कात्री लागलेली. चिंधी बांधून ती जेवते.

१०.२०
वाइनरीच्या काट्यावर एकशे बहात्तर कॅरेट. माल थेट थंड खोलीत जातो, मग प्रेसमध्ये. आतली हवेची पिशवी हळूहळू फुगते आणि घड दाबते. पहिला रस आपोआप गळतो, तो सगळ्यात नितळ. पुढे दाब वाढला की सालीचा तुरटपणा उतरतो. प्रेसवरचा माणूस दर थोड्या वेळाने पेल्यात रस घेतो, चाखतो, थुंकतो. त्याच्या जिभेवर ठरतं कुठे थांबायचं.

१२.४५
सकाळच्याच बाया शेजारच्या शिवारात उन्हाळ कांद्याची रोपं लावताहेत. हे काम ठेक्याने, एकरावर. पुन्हा वाकून.

३.३०
रस स्टीलच्या टाकीत, १० अंशांवर. गाळ खाली बसायला उद्यापर्यंत वेळ. मग यीस्ट, आणि १५ अंशांच्या आसपास दोन-तीन आठवडे आंबवणं. रोज घनता मोजायची. सगळी साखर यीस्टने खाऊन संपवली की वाइन ड्राय झाली. गोडी झाकायला उरत नाही, म्हणून मुरूम, थंडी, तोडणीची वेळ, जे असेल ते उघडं लागतं.

५.४५
आबा ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करून बांधावर बसतात. खिशातून वजनाची चिठ्ठी काढतात. पैसे पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे मार्चच्या मध्याला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटणीची मजुरी रोख द्यायची आहे. “बसतंय,” ते म्हणतात, आणि मावशींना फोन लावतात. उद्या वरच्या दोन ओळी उरकून खालचा तुकडा धरायचा. तिथे घड जड आहेत, आणखी चाळीस कॅरेटं लागतील.