तळ्यातली पाने

आमचे घर कल्याणजवळच्या एका खेड्यात आहे. परसात लहानसे तळे आहे. काठावर बदामाचे जुने झाड आहे. तळ्यात आम्ही रोहू माशाची पिल्ले सोडली होती. ती चांगली वीतभर झाली होती.

वैशाखातली गोष्ट. दोन दिवस आभाळ भरलेले होते. वारा पडला होता. सकाळी पाहतो तो काय! सगळे मासे मरून वर आलेले. आम्हांला वाटले, कुणीतरी विष घातले. शेजाऱ्याशी आमचा कुंपणावरून वाद होता. लगेच त्याचेच नाव मनात आले. आम्ही रागाने त्याच्या घरी निघालो.

वाटेत एक म्हातारे कोळीबाबा भेटले. ते म्हणाले, "गुरुजी, जरा दमानं. आधी तळ बघू." त्यांनी तळाशी बांबू खुपसला. भराभर बुडबुडे आले. सडक्या अंड्यासारखी घाण सुटली. बांबूला काळा चिखल आणि कुजकी पाने लागली. बाबा म्हणाले, "विष कुणी घातलं नाय. माशांचा श्वास कोंडला."

आम्ही मनातून ओशाळलो. जन्मभर मुलांना सांगितले, "आधी कारण शोधा." स्वतः मात्र शोधले नाही.

हे असे का होते? मासे पाण्यात मिसळलेल्या हवेवर जगतात. माघ-फाल्गुनात पाने गळतात. पान भिजते आणि तळाशी बसते. तिथे बारीक जंतू ते कुजवतात. त्यांनाही हवा लागते. उन्हाळ्यात पाणी आटते. तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते. दिवसा पाणवनस्पती उन्हाच्या बळावर पाण्यात हवा सोडतात. रात्री त्याच ती ओढून घेतात. आभाळ असले की दिवसाही कमीच हवा तयार होते. म्हणून मासे बहुधा पहाटे दगावतात.

मग काय करावे?

पानगळीच्या दिवसांत तळ्यावर जुने जाळे ताणून बांधावे. तरीही पाने पडलीच, तर काठीला जाळीची झोळी बांधून रोज काढावी. पान तरंगते तोवर काढणे सोपे.

तळातला गाळ एकदम ढवळू नये. घाण वर येते आणि उरलेले मासेही मरतात. थोडा थोडा काढावा. काढलेला गाळ रात्रभर काठावरच ठेवावा. म्हणजे त्यातले जीव पाण्यात परत जातात.

पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागले, तर समजावे की हवा कमी पडली. बादलीने तळ्यातलेच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात ओतत राहावे. त्याने पाण्यात हवा मिसळते.

काढलेली पाने जाळू नयेत. खड्ड्यात पानांचा थर द्यावा, वर शेणकाला शिंपावा. ओल ठेवावी, अधूनमधून उलथावे. काही महिन्यांत काळेभोर खत होते.

ठाणे हे तलावांचे शहर. मासुंदा, उपवन, कचराळी असे कितीतरी तलाव तिथे आहेत. मोठ्या तलावालाही हाच नियम. निर्माल्य म्हणजे पाने-फुलेच. भक्तीने टाकले तरी ते पाण्यात कुजतेच. म्हणून ते कलशात टाकावे.

यंदा आमच्या खड्ड्यात चांगले खत झाले. दोन पाट्या शेजाऱ्याला दिल्या. कुंपणाचा वाद अजून मिटलेला नाही. पण त्याच्या पडवीत बसून चहा घेत आम्ही तो वाद घालतो.