नगराची वाढ : हैदराबादचे उदाहरण

नगर कसे वाढते, या प्रश्नास भूगोलशास्त्राने दोन प्रमुख उत्तरे दिली आहेत. शिकागोचा अभ्यास करून बर्जेस यांनी १९२५ साली असे प्रतिपादिले की, नगर एका मध्यबिंदूभोवती वलयावलयांनी पसरते. हॅरिस व उलमन यांनी १९४५ साली वेगळे मत मांडले : नगरास अनेक केंद्रे असतात व त्यांमधील जागा भरत जाऊन ते एकसंध होते.

हैदराबादपुरते हे दुसरे मतच आम्हांस अधिक ग्राह्य वाटते. मुसीवरील पूल १५७८ मध्ये झाला. वाटेमागून वस्ती आली. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये दक्षिण तीरी चारमिनार उभारून गोवळकोंड्याबाहेर नवे नगर वसविले. पुढे उत्तर तीरी इंग्रजांची रेसिडेन्सी आली. तिच्या लगतच्या सुलतान बाजार परिसरात मराठी शाळा व ग्रंथालये रुजली. हुसेनसागरापलीकडे १८०६ मध्ये सिकंदराबादची छावणी पडली, तर १९९८ मध्ये पश्चिमेस हायटेक सिटी उभी राहिली. सत्ता वा व्यवसाय पालटला की नवे केंद्र निर्माण झाले.

परंतु केंद्रांमधील जागा रिकामी नव्हती. तेथे तळी व ओढे होते. १९०८ च्या महापुराने हजारोंचे प्राण घेतले. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. तरीही ऑक्टोबर २०२० मध्ये तळ्यांकाठच्या वसाहती पाण्याखाली गेल्या. म्हणून नगररचनाकाराने रस्त्यांआधी पाण्याच्या वाटा नकाशावर आखाव्यात, असे आमचे नम्र मत आहे.