इंटरकूलर बदलला की गाडीची ताकद खरंच वाढते का? घरी बसवण्याआधी एवढं समजून घ्या

मे महिन्यात नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा दुपारी विष्णुपुरीहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला निघालेल्या टर्बो हॅचबॅकला ओव्हरटेक करताना पिकअप कमी वाटतो. हीच गाडी डिसेंबरच्या सकाळी एकदम हलकी पळते. मग रीलमध्ये दिसलेला मोठा, चकचकीत इंटरकूलर ऑनलाइन मागवावा आणि रविवारी घरीच बसवावा, असा विचार मनात येतो. पण हा पार्ट नेमकं काय करतो? आणि तो बदलणं तुमच्या गाडीसाठी फायद्याचं आहे का?

इंटरकूलर म्हणजे काय?

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं आणि जास्त ताकद मिळते. म्हणूनच टाटा अल्ट्रोझ आयटर्बोचं १.२ लिटरचं छोटं इंजिनही ११० पीएस देतं.

अडचण अशी की हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तसंच. गरम हवा विरळ असते, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी बसतो. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये रेडिएटरसारखी एक जाळी बसवतात. दाबलेली गरम हवा तिच्यातून जाताना थंड होते. हाच इंटरकूलर.

मराठवाड्याच्या उन्हात काय घडतं?

एक साधं गणित करू. टर्बो हवेचा दाब १.८ पट करतो आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे, असं धरू. बाहेर १५ अंश असताना टर्बोतून निघणारी हवा साधारण ९० अंशांवर जाते. बाहेर ४३ अंश असताना तीच हवा सुमारे १२६ अंशांवर पोहोचते.

इंटरकूलरने यातली ७० टक्के जादा उष्णता काढली, तर उन्हाळ्यात इंजिनात जाणारी हवा साधारण ६८ अंशांची असेल आणि थंडीत ३८ अंशांची. दाब तेवढाच असला तरी उन्हाळ्यातली हवा जवळपास ९ टक्के विरळ. पिकअपमधला फरक इथून येतो.

त्यात पेट्रोल इंजिनात हवा जास्त गरम झाली की नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी पेटण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठिणगीची वेळ मागे घेतो आणि गरज पडली तर टर्बोचा दाबही कमी करतो.

मुद्दा इथेच आहे. इंटरकूलर स्वतः ताकद तयार करत नाही. उष्णतेमुळे ईसीयू जी ताकद काढून घेतो, ती तो वाचवतो.

मग मोठा इंटरकूलर घ्यावा का?

हवेवर थंड होणारा इंटरकूलर कितीही मोठा असला तरी हवा बाहेरच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. वरच्या गणितात ७० ऐवजी ८० टक्के उष्णता काढली, तर ६८ चे ६० अंश होतात. फरक आहे, पण रोज कॉलेज-ऑफिसला जाताना तो जाणवेलच असं नाही. घाटात किंवा लागोपाठ जोरात चालवताना तो कामी येतो.

मोठ्या जाळीचे तोटेही आहेत. ती भरायला जास्त हवा लागते, त्यामुळे टर्बो थोडा उशिरा लागू शकतो. शिवाय ती एसीच्या कंडेन्सरसमोर आणि रेडिएटरसमोर आली, तर त्यांना मिळणारा वारा अडतो. ४३ अंशांत एसी थंड होईना आणि इंजिनचा काटा वर चढू लागला, तर सौदा महागात पडला म्हणायचं.

प्रत्येक गाडीत हा बदल सोपाही नसतो. काही टर्बो गाड्यांत इंटरकूलर समोर नसतोच. तो इनटेक मॅनिफोल्डच्या आत असतो आणि पाण्याने थंड होतो. तिथे बंपरमागे जाळी लावून भागत नाही.

घरी बसवायचाच असेल तर

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटं थांबा. अनेक गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर पुढच्याच भागात असतो.

२. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावा आणि मागच्या चाकांना ठोकळे द्या.

३. बंपर काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. बंपरमागची लोखंडी पट्टी जाळी बसवण्यासाठी कापू नका. धडक बसली तर मार तीच झेलते.

४. पाईप काढताच उघडी तोंडं स्वच्छ कापडाने बंद करा. आत पडलेला एक छोटा नट इंजिनाची वाट लावू शकतो. जुन्या इंटरकूलरमध्ये तेलाचा पातळ थर असणं सामान्य आहे. तेल साचलेलं दिसलं, तर आधी टर्बो तपासून घ्या.

५. नवी जाळी आतून धुऊन पूर्ण वाळवा. बनवताना राहिलेला धातूचा कीस आत असू शकतो.

६. होज पाईपवर पूर्ण चढवा. क्लॅम्प पाईपच्या कडेवर नाही, तर तिच्या मागे बसला पाहिजे. जुन्या पाईपवरचा दाबाचा किंवा तापमानाचा सेन्सर रबरी रिंगसह नव्यावर लावा.

७. बंपर लावण्याआधी गळती तपासा. पंक्चरवाला ट्यूबमधले बुडबुडे बघतो, तीच पद्धत. पाईपमध्ये कमी दाबाने हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर सांधा पुन्हा बसवा. गाडी चालवताना फुस्स आवाज, काळा धूर किंवा चेक इंजिनचा दिवा ही गळतीचीच लक्षणं असू शकतात.

आरटीओ आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची माहिती उत्पादकाच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी ठरेल, असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे एमएच २६ पासिंगची गाडी असेल, तर आधी नांदेडच्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल, तर सर्व्हिस सेंटरकडून उत्तर लेखी घ्या.

खर्चाआधी हे करून बघा

उन्हाळ्यात पिकअप कमी होणं थोडंफार नैसर्गिक आहे. पण यंदा ते अचानक जास्त वाटत असेल, तर कारण साधंही असू शकतं. जाळीत अडकलेली धूळ आणि किडे कमी दाबाच्या पाण्याने धुऊन काढा. पत्र्या वाकू देऊ नका. एअर फिल्टर बघा, क्लॅम्प आणि होज तपासा. ओबीडी स्कॅनर असेल, तर चालत्या गाडीत शेजारी बसलेल्याला इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघायला सांगा. एकसारख्या वेगात ते बाहेरच्या तापमानाच्या जवळ राहत असेल आणि जोर दिल्यावर चढून पुन्हा लवकर खाली येत असेल, तर कंपनीचा इंटरकूलर त्याचं काम चोख करतोय. मग नव्यासाठी पैसे घालायची गरज नाही.