सवय किती दिवसांत लागते?

कोणतीही सवय 21 दिवसांत लागते, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असेल. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानात तर ते हमखास येते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा रुग्णाला आपलासा वाटू लागायला साधारण किमान 21 दिवस लागतात, असे त्यांनी आपल्या अनुभवावरून लिहिले होते. पहाटे उठणे किंवा रोज अभ्यासाला बसणे यांच्याशी त्या निरीक्षणाचा थेट संबंध नव्हता. पुढे सांगोवांगी ‘किमान’ हा शब्द गळाला आणि उरलेल्याचा नियम झाला.

हा तपशील किरकोळ नाही. बाविसाव्या दिवशीही पुस्तक उघडणे जड जाते, तेव्हा विद्यार्थी आपल्यातच काही कमी आहे असे समजतो आणि नाद सोडतो. मुदत चुकीची सांगितली गेल्याने झालेले हे नुकसान आहे.

मग मुदत किती? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उपयोगी आहे. त्यात 96 स्वयंसेवकांनी प्रत्येकी एक नवी कृती निवडली. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कोणी पाणी प्यायचे, तर कोणी व्यायाम करायचा. ती कृती दिवसातील ठरावीक प्रसंगीच करायची होती. 84 दिवस प्रत्येकाने रोज नोंद केली: आज कृती केली का, आणि ती कितपत आपोआप घडली? ‘आपोआप घडणे’ म्हणजे करू की नको हा विचार मध्ये न येता घडणे. मानसशास्त्रात सवयीची खूण हीच मानतात. ज्यांच्या नोंदींतून स्पष्ट आलेख मिळाला, त्यांना आपोआपपणाच्या कमाल पातळीजवळ पोहोचायला लागलेल्या दिवसांचा मध्यक 66 आला. मात्र व्यक्तिव्यक्तींमधला फरक फार मोठा होता: 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. (अभ्यास 84 दिवसांचा होता, त्यामुळे त्यापुढचे आकडे आलेख पुढे वाढवून काढलेले अंदाज आहेत. 66 ला नवा मंत्र करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.) पाणी पिण्यासारखी सोपी कृती लवकर रुळली, व्यायामाला जास्त वेळ लागला.

आलेखाचा आकारही पाहण्यासारखा आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये वाढ झपाट्याने होते, नंतर ती मंदावते आणि शेवटी रेषा सपाट होते. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने या वाढीत फारसा फरक पडत नाही. ‘साखळी तुटली, आता सोमवारपासून नव्याने’ म्हणून मधले चार दिवस घालवणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा. सलग अनेक दिवस सोडून देणे ही वेगळी गोष्ट आहे.

आता ‘ठरावीक प्रसंगी’ या अटीकडे वळू, कारण सवयीचे मर्म तिथे आहे. एकाच संकेतापाठोपाठ एकच कृती पुन्हा पुन्हा घडली की मेंदू दोन्हींची जोडी बांधतो. पुढे संकेत समोर येताच कृती सुरू होते, निश्चयाची फारशी गरज राहत नाही. संकेत म्हणजे जागा, वेळ, आधीची कृती किंवा सोबतची माणसे. वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वर्तमानपत्र वाचन आणि टीव्ही पाहणे या सवयी तपासल्या. नव्या ठिकाणी परिस्थिती पूर्वीसारखी राहिली तिथे सवयी टिकल्या. ती बदलली तिथे वागणे पुन्हा इराद्यावर अवलंबून राहिले.

आपल्याकडे बारावीपर्यंत घरी नेमाने अभ्यास करणारी मुलगी वसतिगृहात आल्यावर पहिल्याच सत्रात ढेपाळते, त्याचे एक कारण इथे सापडू शकते. आईची हाक, स्वयंपाकघरातला कुकर, क्लासची वेळ हे तिचे संकेत होते. ते मागे राहिले. तिला ‘आळशी झालीस’ म्हणणे सोपे आहे, पण उपयोगाचे नाही. तिला नवे संकेत हवेत.

ते नेमके ठरवण्याची एक साधी रीत पीटर गोलविट्झर यांनी मांडली: ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच ठरवून ठेवणे. जर्मनीतील एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा अहवाल लिहायला सांगितले. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवले, त्यांच्यात तो वेळेत पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. म्हणून ‘रोज दोन तास अभ्यास’ ही योजना कच्ची. ‘मेसमधून परतल्यावर खोलीत न जाता थेट वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी’ ही पक्की. सुरुवातीला दहा मिनिटे बसलात तरी चालेल, कारण आधी जोडी बांधायची आहे. वेळ नंतर वाढवता येतो.

एक प्रश्न उरतो: तिथे बसून करायचे काय? सवय चुकीच्या कृतीचीही तितक्याच नेमाने लागते. हायलायटर फिरवत धडा पुन्हा पुन्हा वाचणे ही अशीच एक लोकप्रिय सवय आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या 2006 च्या एका प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के मजकूर आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. तेव्हा त्या खिडकीजवळच्या टेबलावर पहिल्यांदा उघडायची ती कोरी वही. आजच्या तासाला काय शिकवले ते आठवेल तसे लिहावे, आणि मगच नोट्स काढून सुटलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरावेत.