मुद्दाम मोडलेला क्रम

टेलिफोन कंपनीकडे ग्राहकांचे 1 लाख नंबर आहेत आणि जाहिरातींचे फोन नकोत म्हणून कळवलेले 50 हजार नंबर त्यांतून गाळायचे आहेत, असे समजू. दोन साध्या याद्या समोरासमोर ठेवल्या तर तुलनांची संख्या 500 कोटींपर्यंत जाऊ शकते. गो या संगणकभाषेत प्रोग्रामर नको असलेले नंबर आधी मॅपमध्ये भरतो. मॅप म्हणजे किल्ली आणि तिच्याशी जोडलेली नोंद अशा जोड्यांचा साठा. किल्लीवर गणित करून एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. नोंद कुठल्या कप्प्यात शोधायची, ते त्यावरून ठरते. म्हणून साठा हजारांचा असो वा लाखांचा, एका शोधाला सरासरी जवळपास सारखाच वेळ लागतो आणि आपले काम 1 लाख शोधांत उरकते. ही युक्ती जुनी आहे; आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी ती 1953 मध्येच मांडली होती.

या वेगापायी क्रम हातचा जातो, कारण नोंदी हॅशप्रमाणे विखुरतात. गोच्या कर्त्यांनी मात्र त्यापुढची पायरी गाठली. मार्च 2012 मध्ये आलेल्या पहिल्या पक्क्या आवृत्तीत त्यांनी मॅप वाचण्याचा क्रम मुद्दाम अनिश्चित केला. तोच मॅप दोनदा वाचला तरी नोंदी वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. हा खोडसाळपणा वाटेल, पण तो शहाणपणाचा होता. त्याआधी एका यंत्रावर मॅप बहुधा दर वेळी त्याच क्रमाने वाचला जाई. भाषेने तसे वचन दिले नव्हते, तरी लोक त्यावर विसंबू लागले. मग एका यंत्रावर बिनचूक चालणारी चाचणी दुसऱ्यावर कोसळे. क्रम रोजच बदलू लागला की अशी चूक बहुधा लिहिणाऱ्याच्या टेबलावरच उघडी पडते. मोठा लाभ पुढे दिसला. फेब्रुवारी 2025 मध्ये, 1.24 आवृत्तीत, मॅपची अंतर्गत रचनाच बदलून ‘स्विस टेबल’ पद्धतीची केली गेली. लोकांचे प्रोग्राम जुन्या क्रमावर उभे असते, तर हा बदल इतका निमूट झाला नसता.

यावर पायथन या दुसऱ्या संगणकभाषेचा दाखला दिला जातो. तिथे 3.7 आवृत्तीपासून नोंदी भरल्या क्रमानेच मिळतात, आणि ते सोयीचे आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण असे वचन एकदा दिले की पुढची प्रत्येक रचना त्याला बांधली जाते, आणि गाळण्याच्या कामात तर क्रमाची गरजच नसते. दुसरी तक्रार अधिक रास्त होती: छापलेला मॅप दर वेळी वेगळा दिसला तर चुका शोधायच्या कशा? ती गोने ऐकली. 2019 च्या 1.12 आवृत्तीपासून छापताना किल्ल्या क्रमाने लावल्या जातात.

माझ्या मते खरा धोका क्रमात नाही, रिकाम्या उत्तरात आहे. नसलेली किल्ली विचारली तरी गो चूक दाखवत नाही, शून्य देते. नको असलेले नंबर गाळताना ते पथ्यावर पडते: नोंद नसेल तर उत्तर ‘नाही’. पण खात्यात शून्य रुपये असणे आणि खातेच नसणे या निराळ्या गोष्टी आहेत. अशा वेळी मॅपकडून ‘किल्ली होती का’ हे सांगणारे दुसरे उत्तरही मागून घ्यावे. ते फुकट मिळते. आणि क्रम खरोखरच हवा असेल, तर 1.23 आवृत्तीपासून सगळ्या किल्ल्या काढून क्रमाने लावणे हे एका ओळीचे काम आहे.