सवयदर्शक वर्तमानकाळ (इंग्रजी व मराठी)

वारंवार किंवा नियमाने घडणारी क्रिया सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपास सवयदर्शक वर्तमानकाळ म्हणता येईल. इंग्रजीत सवयीसाठी सामान्यतः साधा वर्तमानकाळ येतो. सध्यापुरत्या सवयीसाठी अपूर्ण (चालू) वर्तमानकाळ येतो. मराठीत साध्या वर्तमानकाळाबरोबर रीतिवर्तमानकाळही सवय दाखवतो.

मराठीतील रूपे

'ती मोहफुले वेचते' (साधा), 'ती मोहफुले वेचत आहे' (अपूर्ण) आणि 'ती मोहफुले वेचत असते' (रीती) अशी तीन रूपे आहेत. साधे रूप संदर्भानुसार सवय किंवा चालू क्रिया दाखवते. 'आपण काय करता?' या प्रश्नातून व्यवसायही विचारला जातो आणि त्या क्षणीचे कामही. इंग्रजीत मात्र 'व्हॉट डू यू डू?' हा व्यवसायाचा प्रश्न असून चालू कामासाठी 'व्हॉट आर यू डूइंग?' असे विचारतात.

चुकीचे कारण

'वेचत असते' यात 'असणे' हे सहायक क्रियापद असल्याने विद्यार्थी शब्दशः 'शी इज गॅदरिंग मोहा फ्लॉवर्स एव्हरी मार्च' अशी रचना करतात. दरवर्षीचा क्रम अभिप्रेत असल्याने 'शी गॅदर्स' हे रूप योग्य ठरते. गडचिरोली जिल्ह्यात गोंडी, माडिया, तेलुगू किंवा बंगाली मातृभाषा असलेली अनेक मुले मराठी माध्यमातून शिकतात. त्यांना इंग्रजी ही तिसरी भाषा असते. ती मराठीमार्गे शब्दशः रचली, तर हाच दोष त्यांच्याही लेखनात उतरतो.

अपूर्ण काळाचे अपवाद

सवय तात्पुरती असल्यास इंग्रजीत अपूर्ण काळ चालतो. गडचिरोलीचा विद्यार्थी शिक्षणापुरता नागपुरात राहत असेल, तर 'आय ॲम लिव्हिंग इन नागपूर धिस इयर' हे योग्य. कायमच्या वास्तव्यासाठी 'आय लिव्ह इन गडचिरोली' असे म्हणतात. 'ऑलवेज'सह अपूर्ण काळ बहुधा त्रासिक सूर दर्शवतो: 'ही इज ऑलवेज लूझिंग हिज पेन'. 'तो सारखा पेन हरवत असतो' या मराठी वाक्यातही तोच सूर आहे. म्हणून रीतिवर्तमानकाळाचे भाषांतर दर वेळी साध्या काळानेच करावे, असाही नियम करता येत नाही.

निवडीची कसोटी

मराठी रूपावरून इंग्रजी काळ ठरवण्याऐवजी अर्थ पाहावा लागतो. क्रिया नेहमीची असल्यास साधा काळ. सध्यापुरती, आत्ता चाललेली किंवा तक्रारीच्या सुरात सांगितलेली असल्यास अपूर्ण काळ वापरतात.